अकरावी विज्ञान: गणित, जीवशास्त्र की दोन्ही? पदवी प्रवेशाच्या दृष्टीने विषय कसे निवडावेत?

मुलुंडच्या पालक

नमस्कार. माझ्या मुलीने यंदा राज्य मंडळाची दहावी मराठी माध्यमातून पूर्ण केली असून अकरावी विज्ञान शाखेसाठी तिला माटुंग्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जागा मिळाली आहे. प्रवेश निश्चित करताना विषयांचा पसंतीअर्ज भरून द्यायचा आहे आणि तिथेच आमचे घोडे अडले आहे. इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे तीन विषय ठरलेलेच आहेत. उरलेल्या तीन जागांसाठी गणित, जीवशास्त्र, मराठी आणि आयटी असे पर्याय आहेत, शिवाय बायफोकलचे, म्हणजे व्यवसायाभिमुख गटातले, संगणकशास्त्रही आहे. बायफोकल हा २०० गुणांचा विषय असल्यामुळे तो घेतला तर द्वितीय भाषा किंवा आयटी आणि त्याबरोबर जीवशास्त्र, या दोन्हींवर पाणी सोडावे लागते.

मुलीला जीवशास्त्र मनापासून आवडते, मात्र आपल्याला डॉक्टर व्हायचे नाही हे तिने स्पष्ट सांगितले आहे. साथीचे रोग कसे पसरतात, एखाद्या जिल्ह्यात बालमृत्यू कमी होतात आणि शेजारच्या जिल्ह्यात का होत नाहीत, अशा विषयांवर जे मिळेल ते ती वाचते. त्यामुळे पुढे संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्रातील संशोधन यांपैकी कोणत्याही दिशेला ती जाईल असे मला वाटते. गणितात तिला गुण चांगले आहेत, पण ते सहज मिळालेले नाहीत. क्लासमध्ये चौकशी केली तेव्हा ‘जेईई (अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर बायोचे ओझे कशाला’ असे सांगण्यात आले. माझे दीर म्हणतात की गणित सोडून पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) घ्यावे आणि नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा मार्ग मोकळा ठेवावा. दोघांच्याही बोलण्यात प्रवेश परीक्षेचा विचार आहे, परंतु विद्यापीठे अर्ज स्वीकारताना बारावीचे कोणते विषय मागतात, हे मला अजून कोणी नीट सांगितलेले नाही. तिला मुंबईबरोबरच पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथेही अर्ज करायचे आहेत. कोणता विषय सोडल्यावर कोणता अभ्यासक्रम हातचा जातो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दादरचे गणित शिक्षक

ताई, अनेक वर्षे बारावीला गणित शिकवत असल्यामुळे माझे मत गणिताच्या बाजूने झुकणार हे उघड आहे, म्हणून मतापेक्षा आधी नियम सांगतो.

प्रवेश परीक्षा आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत कमी गुण मिळाले तर ती पुढच्या वर्षी पुन्हा देता येते, पण आवश्यक विषय बारावीच्या गुणपत्रिकेवरच नसेल तर परीक्षेत कितीही गुण मिळवले तरी अर्ज ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे प्रत्येक संस्थेच्या माहितीपुस्तिकेतील पात्रतेचा परिच्छेद आधी वाचावा आणि तिथून मागे येत विषय ठरवावेत.

गणित नसेल तर काय जाते ते पाहा. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पदवीसाठी भौतिकशास्त्र आणि गणित बंधनकारक आहेत. २०२१ मध्ये अभियांत्रिकीसाठी गणित ऐच्छिक झाल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि त्या वाचून काही पालकांनी गणित सोडण्याचा विचारही केला, पण आपल्या राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत ती अट कायम आहे. वास्तुशास्त्रासाठी गणित लागते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी.स्टॅट. (संख्याशास्त्राची पदवी) आणि तिच्याच बंगळुरू केंद्रातील बी.मॅथ. (गणिताची पदवी) या दोन्हींसाठी बारावीला गणित आणि इंग्रजी असावेच लागते. दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्र ऑनर्ससाठी गणित अनिवार्य आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारखी परदेशी संस्थाही अर्थशास्त्राच्या पदवीसाठी शालेय पातळीवरचे गणित मागते. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी.एस्सी. आयटीला जायचे असले तरी बारावीचे गणित पाहिले जाते.

जीवशास्त्र नसेल तर नीटवर अवलंबून असलेले वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि आयुर्वेदाचे अभ्यासक्रम जातात, आणि जीवशास्त्रातील बहुतेक पदव्याही अवघड होतात. औषधनिर्माणशास्त्राचे मात्र तसे नाही, कारण बी.फार्म.साठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते.

आता तुमच्या मुलीच्या आवडीकडे येतो. पुणे, मोहाली, कोलकाता अशा ठिकाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५, असे एकूण ६० प्रश्न असतात. पात्रतेसाठी चारपैकी तीन विषय पुरतात, पण ज्याने चौथा विषय शिकलेलाच नाही, त्याला ६० पैकी १५ प्रश्नांसमोर हात टेकावे लागतात. आपल्या कालिन्याच्या विद्यानगरी संकुलात मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून चालवलेले मूलभूत विज्ञानांचे केंद्र आहे. तिथल्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.साठी नेस्ट ही परीक्षा असते आणि तीही याच चार विषयांवर आधारलेली आहे. मुंबईतील मुलांना घरून जाऊन इतके चांगले विज्ञान शिकता येते, तरी त्या केंद्राची माहिती फार थोड्या घरांत असते, याची मला नेहमी खंत वाटते.

बालमृत्यूंच्या जिल्हावार आकड्यांचा उल्लेख तुम्ही केलात. ते आकडे ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येतात, त्याची जबाबदारी १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत जैवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. मुलीला खरोखर हेच काम आवडत असेल, तर तिथपर्यंत पोहोचणाऱ्या कोणत्याही वाटेवर गणित आणि संख्याशास्त्र टाळता येणार नाही. तेव्हा गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पार्ल्याची सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ

शिक्षकांनी सांगितलेले नियम बरोबर आहेत, पण ‘दोन्ही घ्यावेत’ या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. निदान तो सल्ला ज्या अटींवर योग्य ठरतो, त्या अटी सांगितल्या गेल्या पाहिजेत.

पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, घेणाऱ्या मुलीचा दिवस कसा जातो, हे आधी पाहावे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्हींना ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, म्हणजे तीन जर्नल, तीन प्रयोगशाळा आणि आकृत्यांचे न संपणारे काम. त्यात मुलुंड ते माटुंगा हा रोजचा लोकलचा प्रवास आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले काही महिने इंग्रजी संज्ञा अंगवळणी पाडण्यात जातात. पेशीभित्तिका, प्रकाशसंश्लेषण हे शब्द ज्या सहजतेने ती वापरत होती, तीच सहजता इंग्रजीत यायला वेळ लागतो, आणि हा भार वेळापत्रकात दिसत नसला तरी तो खराच असतो. इतके करून संध्याकाळी तिला जेईई आणि नीट या दोन्हींच्या क्लासला पाठवले, तर दोन्हींपैकी एकही धड होत नाही. माझ्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेक मुलांच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की दोन्ही विषय घ्यायचे असतील, तर ते आवडतात म्हणून घ्यावेत आणि त्या बदल्यात प्रवेश परीक्षांची संख्या कमी करावी. तुमच्या मुलीला डॉक्टर व्हायचे नाही, तर नीटचा नाद सोडावा. अभियांत्रिकीचा विषय घरात निघालेलाच नसेल, तर जेईईच्या क्लासचीही गरज नाही. ‘असू द्यावे, कधीतरी उपयोगी पडेल’ एवढ्याच कारणासाठी सोळा वर्षांच्या मुलीवर एक पूर्ण विषय लादणे मला पटत नाही.

ज्या मुलांना गणिताची खरोखर धास्ती आहे, त्यांच्याविषयीही दोन शब्द लिहिते, कारण हा प्रश्न इतर पालकही वाचतील. पीसीबी घेऊन गणित सोडणे हा कमीपणा नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, भौतिकोपचार, परिचर्या ही सगळी क्षेत्रे गणिताच्या अटीशिवाय मोकळी आहेत. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची मुले जाऊ शकतात, आणि आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीईईडी या डिझाइनच्या परीक्षेलाही शाखेची अट नाही. मात्र जीवशास्त्रात संशोधन करायचे असेल तर गणित पुन्हा कुठेतरी भेटतेच. पदवीनंतर आयआयटीत एम.एस्सी. करण्यासाठी जी जॅम परीक्षा असते, तिच्या जैवतंत्रज्ञानाच्या पेपरमध्येही गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांवर प्रश्न असतात. मी बारावीला गणित घेतले नव्हते. पदवीनंतर संख्याशास्त्र मला नव्याने शिकावे लागले आणि ते शिकता आले, पण त्यासाठी नोकरी सांभाळून रात्री बसावे लागले.

दिल्लीत शिकणारा ठाणेकर

काकू, मी राज्य मंडळातून विज्ञान शाखेत बारावी केली आणि सध्या दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स शिकत आहे, म्हणून त्या बाजूची माहिती देतो.

तिथला प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतो. बारावीची टक्केवारी आता गुणवत्ता यादीत धरली जात नाही, तरी बारावीचे विषय अजूनही महत्त्वाचे आहेत आणि इथेच पुष्कळ जणांचा गैरसमज होतो. २०२५ पासून परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने विद्यार्थ्याला बारावीला नसलेल्या विषयाचाही पेपर देण्याची मुभा दिली आहे, परंतु दिल्ली विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी तेच पेपर धरते, जे विषय घेऊन विद्यार्थी बारावी उत्तीर्ण झाला आहे. म्हणजे बारावीला गणित नसताना सीयूईटीला गणिताचा पेपर देता येतो, पण त्यावर तिथे अर्थशास्त्राची जागा मिळत नाही.

अर्थशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा, गणित आणि यादीतील आणखी दोन विषय, असे चार पेपर लागतात. त्या दोन विषयांत अर्थशास्त्रच असले पाहिजे असे नाही. मी इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दिले होते. जीवशास्त्रही त्या यादीत आहे. त्यामुळे पुढे अर्थशास्त्र शिकायचे म्हणून आत्ता वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळण्याचे काही कारण नाही. उलट माझ्या शाळेतल्या एका मित्राने वाणिज्य शाखेत बीके (पुस्तपालन), ओसी (वाणिज्य संघटन) आणि अर्थशास्त्र घेतले, पण गणिताऐवजी एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) निवडले, कारण एसपीला गुण सोपे मिळतात असे सगळे म्हणत होते. बारावीनंतर आम्ही दोघे एकत्र अर्ज भरायला बसलो, तेव्हा अर्थशास्त्र ऑनर्सच्या पात्रतेत तो बसत नाही हे कळले. तो अर्थशास्त्रात माझ्यापेक्षा हुशार होता, आणि मला ते अजून लागून राहिले आहे.

दुसरी गोष्ट अशी की सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे. बालभारतीची पुस्तके चांगली आहेत, पण प्रकरणांची मांडणी आणि काही भाग वेगळे आहेत, म्हणून अकरावीपासूनच एनसीईआरटीची पुस्तके शेजारी ठेवावीत. ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. प्रत्येक पेपरला ६० मिनिटांत ५० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. वेग लागतो, पण जेईईची काठिण्यपातळी नसते. अकरावी-बारावीचा अभ्यास समजून केलेल्या मुलीला वेगळ्या मोठ्या क्लासची गरज पडू नये.

मुलुंडच्या पालक

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मुलीनेही सगळे वाचले. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यायचे आणि नीटचा विषय बंद करायचा, यावर आमचे घरात एकमत झाले आहे. दिरांनाही ते पटले. आता बायफोकल आपोआप बाजूला पडते, पण मराठी की आयटी हा प्रश्न राहतो. तिला मराठी आवडते. शेजारी सांगतात की आयटीला पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि टक्केवारी वर जाते. विद्यापीठाच्या दृष्टीने यात काही फरक पडतो का? आणि राज्याच्या सीईटी या सामायिक प्रवेश परीक्षेचा विचार करायचा झाल्यास दोन्ही गट देता येतात का?

दादरचे गणित शिक्षक

सीईटीचे आधी सांगतो. एमएचटी-सीईटीत पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट आहेत आणि एका विद्यार्थ्याला दोन्ही देता येतात. पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० गुण आणि एकट्या गणिताचे १०० गुण असतात. पीसीबी गटात तेच १०० गुण जीवशास्त्राला असतात. प्रश्नांचा सुमारे २० टक्के भाग अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पार्ल्याच्या ताईंचा परीक्षा कमी करण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण या सीईटीसाठी वेगळी तयारी फारशी लागत नाही. मुलीला रसायन तंत्रज्ञानाची थोडीही ओढ वाटली, तर तिच्या महाविद्यालयाजवळच, माटुंग्यालाच, १९३३ मध्ये विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था आहे आणि तिथल्या रासायनिक अभियांत्रिकीच्या ७० टक्के जागा याच सीईटीतून भरल्या जातात. मात्र तिथे बारावीचे गणित लागते.

मराठी आणि आयटीबाबत सांगायचे तर तुम्ही नावे घेतलेल्या अभ्यासक्रमांपैकी एकासाठीही आयटी हा विषय बारावीला असण्याची अट नाही. आयटीची परीक्षा संगणकावर होते आणि गुण मोकळ्या हाताने मिळतात, हे खरे आहे. त्या गुणांचा उपयोग जिथे बारावीची टक्केवारी पाहिली जाते तिथे होतो. उदाहरणार्थ, जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीत जाणाऱ्यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय अशा पाच विषयांत खुल्या प्रवर्गासाठी ७५ टक्क्यांची अट असते, किंवा मग मंडळाच्या पहिल्या २० शतमकांत, म्हणजे वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत, असावे लागते. तुमच्या मुलीकडे भाषा म्हणून इंग्रजी आणि पाचवा विषय म्हणून जीवशास्त्र आहेच, त्यामुळे त्या अटीसाठी आयटी घेण्याची गरज नाही. मराठी ही सीयूईटीतील तेरा भाषांपैकी एक आहे, म्हणून तो अभ्यासही वाया जाणार नाही. तिला मराठी आवडते, तर तिने मराठीच घ्यावी. दिवसभर इंग्रजीत विज्ञान वाचणाऱ्या मुलीला आपल्या भाषेत सलग काही वाचायला आणि लिहायला लावणारा एक तास वेळापत्रकात असणे मला फार मोलाचे वाटते.

प्रवेश निश्चित करायला जाल तेव्हा दोन गोष्टी मात्र तिथेच विचारून घ्या. काही महाविद्यालयांत मोठ्या क्लासशी संलग्न असलेल्या तुकड्या असतात आणि त्यांत जीवशास्त्र किंवा मराठी हे विषय नावापुरतेच चालवले जातात. मुलीची तुकडी कोणती आणि जीवशास्त्राची प्रात्यक्षिके आठवड्यातून कोणत्या दिवशी होतात, हे लेखी वेळापत्रकात पाहा. दुसरे असे की पसंतीअर्जाची शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा आणि बारावीचा परीक्षा अर्ज भरताना ती शेजारी घेऊन विषय सांकेतांक ताडून पाहा. विज्ञान शाखेच्या गणिताचा सांकेतांक ४० आहे, वाणिज्य शाखेच्या गणिताचा ८८ आहे, आणि जीवशास्त्राचा ५६ आहे. अर्जावर चुकीचा आकडा पडला तर तो मंडळाकडे जाण्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयातून दुरुस्त करून घेणे सोपे असते.